एनए प्लॉट, नोटरीचं साठेखत आणि आमचे १४,३३,५०० रुपये

आमचे १४,३३,५०० रुपये गेले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाजवळ, 'एनए', म्हणजे बिगरशेती, म्हणून दाखवलेल्या चार गुंठ्यांच्या प्लॉटपायी. गावाचं आणि फसवणाऱ्या एजंटचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण मुंबई-ठाणे-पुण्याकडून मुलाबाळांसह छोट्या गावात राहायला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे वाचाच. तो माणूस अजून मोकळा फिरतोय आणि दर रविवारी त्या जमिनीवर गाड्या भरून माणसं आणतोय.

नातेवाइकांनी ऐकवलं, "हाव केलीत, गुंतवणूक करायला गेलात." अजिबात नाही. आम्ही राहायला निघालो होतो. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये आम्ही सहा माणसं. सासूबाईंना दमा. नवऱ्याचं काम बरंचसं घरून चालतं, मी हिशेब लिहायची कामं करते, ती कुठूनही होतात. लोकलमध्ये जीव घालवायचा तो कशासाठी? गावं आम्ही नीट पारखून पाहिली. चिपळूण आवडलं होतं, पण २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्याकडेच उतरलो होतो, भिंतीवरची खूण त्यांनी दाखवली. दापोलीला रात्री-अपरात्री सासूबाईंना दम लागला तर मोठं हॉस्पिटल लांब. सावंतवाडी सुंदर, पण नवऱ्याला महिन्यातून दोनदा पुण्याला यावं लागतं. म्हणून सातारा जिल्हा. हायवे जवळ, दहावीपर्यंतची चांगली मराठी शाळा, डॉक्टर, बाजार, हवा. निवड चुकलेली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. गावाचा यात काही दोष नाही.

एजंट नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीतून आला. ओळखीतला माणूस म्हटल्यावर आपण जे करतो तेच आम्ही केलं, घरात बसवून चहा दिला. साइटवर कमान होती, तारेचं कुंपण होतं, आत मुरमाचे रस्ते पाडलेले, बोर्डावर ४२ प्लॉटचा नकाशा आणि त्यातल्या निम्म्यांवर लाल ठिपके. जेवायला पिठलं-भाकरी. तो जमिनीबद्दल फार बोललाच नाही. मुलगी कितवीत आहे, मुलाला कुठली शाळा हवी, आजींना कुठला डॉक्टर चालतो, हेच विचारत राहिला. "शाळेत माझा शब्द आहे वहिनी, जूनच्या आत तुमचं सगळं मार्गी लावतो." ही जूनची घाई त्याने लावली. कुटुंब घेऊन हलणाऱ्या माणसाला तारीख असते, शाळेची असते, जुनं घर सोडायची असते, आणि ही माणसं नेमकी त्या तारखेवर टपलेली असतात.

पैसे कसे गेले ते लिहिते, लपवण्यासारखं काही नाही. भाव २,८५,००० रुपये गुंठा, चार गुंठ्यांचे ११,४०,०००. इसाराचे ५१,००० चेकने. मग डोंबिवलीचा फ्लॅट विकला, कर्ज फिटून जे हातात आलं त्यातून ४,४९,००० आरटीजीएसने, पुन्हा ५,००,००० आरटीजीएसने. 'एनए व विकास शुल्क' म्हणून १,६५,०००, त्यातले ९०,००० रोख मागितले आणि त्याची पावती साध्या कागदावर. कागदपत्रांचा खर्च १८,५००. शेवटी 'बांधकाम बुकिंग' २,५०,०००, कारण त्यांचाच ठेकेदार घर बांधणार होता. उरलेले १,४०,००० खरेदीखताच्या दिवशी द्यायचे होते. तेवढेच वाचले.

आता साठेखताचा, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याच्या कराराचा, तो दिवस. नोटरीच्या ऑफिसात आम्ही सगळे बसलो होतो. टेबलावर ५०० रुपयांचा स्टँप पेपर, त्याला जोडलेल्या कागदांत सातबाऱ्याची झेरॉक्स. सासऱ्यांनी ती उचलली, चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, "उजवीकडचा रकाना कापलाय का हो?" खरंच कापलेला होता. चौकटीची रेघ पानाच्या कडेला अर्ध्यातच तुटत होती, आणि जिथे 'इतर अधिकार' यायला हवं तिथे फक्त 'इ' दिसत होता. वरची भू-धारणा पद्धतीची ओळ काळ्या पट्ट्यात गेलेली. एजंट हसून म्हणाला, "मशीनचा प्रॉब्लेम आहे नाना, ओरिजिनल ऑफिसला आहे, दाखवतो." मी विचारलं, साठेखत रजिस्टर का नाही करायचं, नोटरी कशाला? तर म्हणाला, "तुकडेबंदीमुळे गुंठ्यांची नोंदणी सध्या थांबलीय वहिनी. कायदा बदलतोय. बदलला की सगळ्यांची एकदम खरेदीखतं लावतो."

हे वाक्य मला आता झोपेत ऐकू येतं. जमीन एनए आहे, असंही तोच सांगत होता, ब्रोशरवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. अहो, जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला बंदी घालणारा हा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीला आहे! मंजूर लेआउट असलेल्या एनए प्लॉटची नोंदणी त्याने अडत नाही. म्हणजे दोन्हींतलं एक खोटं होतं, आणि ते त्याने एकाच टेबलावर, एकाच तोंडाने सांगितलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांतली तफावत शोधत आले. पण त्या दिवशी टेबलापलीकडे एक कोट घातलेले वकील बसले होते, जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल त्यांच्या सहीचा होता, आणि ते मान हलवत होते. ते वकील त्याच्याच बाजूचे होते. त्या खुर्चीत बसलेला कुठला सामान्य माणूस म्हणेल, थांबा, मला हे कायद्याचं पुस्तक दाखवा?

जुलै २०२५ मध्ये तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधिमंडळात झाली, तेव्हा त्याने बातमीचं कात्रण पाठवलं, खाली लिहिलं, "बघा, मी म्हणालो होतो ना." सरकारची खरी बातमी त्याच्या खोट्याला टेकू म्हणून वापरली. त्यानंतर फोन कमी झाले, मग बंद.

आम्ही तोवर गावात ८,५०० रुपये भाड्याने घर घेऊन राहायला आलो होतो. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी प्लॉट कुठला ते ऐकलं आणि म्हणाले, "ती तर धरणग्रस्तांची जमीन आहे." त्या रात्री मी ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढला. पंधरा रुपये लागले. वर स्वच्छ छापलेलं होतं, भोगवटादार वर्ग-२. आणि जो रकाना आमच्या झेरॉक्सवरून कापला होता त्यात हस्तांतरणास बंदी असल्याची नोंद. पुनर्वसनात मिळालेली जमीन, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. एनएचा तर पत्ताच नव्हता. वर आम्ही शेतकरी नाही, म्हणजे कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे ती शेतजमीन आमच्या नावावर तशीही झाली नसती.

जमिनीच्या मालकांकडे गेलो. म्हातारे आजोबा, कोयनेच्या धरणात गाव बुडालं तेव्हा त्यांच्या वडिलांना ही जमीन मिळालेली. ओसरीवर बसून म्हणाले, "ताई, आमाला म्हनले रस्त्याला जागा पायजे. दीड लाख दिलं, आंगठं घेतलं. प्लाट पाडल्याती ते तारा वढल्यावर कळलं." त्यांच्यावर राग काढायचा म्हणून गेले होते, तिथून गप्प बसून परत आले. त्यांनाही लुबाडलंय.

आणि आता सरकारी कचेऱ्या. पोलीस ठाण्यात आमचे कागद उघडायच्या आधीच उत्तर तयार होतं, "हा दिवाणी वाद आहे मॅडम. व्यवहार तुम्ही राजीखुशीने केलाय." म्हटलं, कापलेला सातबारा दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग आहे कशासाठी? "अर्ज ठेवून जा." अर्ज ठेवला. पोच मागितली तर साहेब नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, पैसे डोंबिवलीच्या बँकेतून गेलेत, तिकडे तक्रार द्या. तिकडे गेलो तर म्हणे जमीन साताऱ्यात आहे, तिकडेच जा. एक लहान मुलगा, एक म्हातारी आजारी बाई घरी सोडून आम्ही दोघं या दोन ठाण्यांच्या मधे एसटीने हिंडतोय आणि जो पैसे घेऊन बसलाय तो साइटवर पिठलं-भाकरी वाढतोय! तलाठी कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे तुमच्या नावाची नोंदच नाही. दुय्यम निबंधकांकडे, दस्त आमच्याकडे नोंदवलाच नाही तर आम्ही काय करणार. नोटरी म्हणाले, मी फक्त सह्या ओळखल्या. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ते खातं प्लॉट विकणाऱ्या कंपनीचं नसून एजंटच्या बायकोचं निघालं, हेही तिथेच कळलं. प्रत्येकाचं बोलणं आपल्या जागी बरोबर, आणि सगळ्यांचं मिळून चोर सुटला. ४२ प्लॉट, कमान, भर रस्त्यावर बोर्ड, महसुलाच्या एकाही माणसाला तिथून जाताना ते दिसलं नाही? बंदी घातलेल्या जमिनीवर मुरमाचे रस्ते पडतात आणि कुणी विचारत नाही, आणि बळी कचेरीत आला की त्यालाच विचारतात, तुम्ही आधी चौकशी का केली नाही?

शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज दिला, तेही महिनोन्महिने पडून राहिलं, तेव्हा वकिलांनी मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज लावला. हा रस्ता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेला आहे, ठाण्यात कुणी तो सांगत नाही. गुन्हा नोंदवत नसतील तर वाट बघत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर पोस्टाची पावती जपा.

सातबारा दुसऱ्याच्या हातचा घेऊच नका, पंधरा रुपये भरून स्वतः काढा, आणि मालकाच्या नावाच्या आधी वर्ग-१ आहे की वर्ग-२ आणि इतर अधिकारांत काय लिहिलंय ते वाचा. फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, बघा. वकील तुमचा हवा, त्याची फी तुम्ही दिलेली हवी. ब्रोशरवर 'महारेरा प्रक्रियेत', म्हणजे बांधकाम-प्लॉट प्रकल्पांच्या नियामकाकडे नोंदणी अजून व्हायचीय, असं लिहिलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा. असल्या मोठ्या प्लॉटच्या लेआउटला नोंदणी लागते, आणि ती होण्याआधी जाहिरात करणं, पैसे घेणं बेकायदेशीर आहे. नोंदणीकृत करार न करता दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागताच येत नाही, आमच्याकडून जवळजवळ सगळीच घेतली. "शेतकरी दाखला काढून देतो, साठ हजार द्या," असंही आम्हाला म्हणाला होता, तो दाखला खोटा असतो आणि पुढे गुन्हा तुमच्यावर येतो. पैसे ज्या खात्यात जाणार ते कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. रोख देऊ नका, ते ९०,००० मला कोर्टात सिद्ध करता येत नाहीयेत. आणि जायचंच असेल तर आधी वर्षभर भाड्याने राहा. गुरुजी आम्हाला आधी भेटले असते तर इसारसुद्धा दिला नसता.

मुलगी आता इथल्याच शाळेत जाते, सासूबाईंचा दमा खरोखर कमी आहे. डोंबिवलीला परत जायला घर नाही आणि आम्हाला जायचंही नाही. बोर्डावरच्या लाल ठिपक्यांमधली काही कुटुंबं आम्हाला सापडली आहेत, बरीचशी पुण्याची, दोन नवी मुंबईची. काही जण लाजेने पुढे येत नाहीत, काहींना अजून वाटतंय खरेदीखत होईल. ज्यांच्याकडे सातारा जिल्ह्यातलं असं ५०० रुपयांच्या स्टँपवरचं नोटरीचं साठेखत आहे त्यांनी त्यातला गट नंबर आजच्या आज ऑनलाइन सातबाऱ्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर मूळ कागद त्या माणसाच्या हातात परत देऊ नका. "नवीन करून देतो, जुना द्या," असं म्हणून त्याने आमच्यातल्या दोघांचे कागद काढून घेतले आहेत.