गोचीड एकेक तपासावेत की गटाने?

पाळीव आणि रानटी प्राण्यांवरचे ५०० गोचीड जमले आहेत, पीसीआरसाठी (रोगजंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) पैसे मोजके. एकेक तपासू की दहा-दहाचे गट करू, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं.

खर्चात गट सरळ पुढे: ५०० ऐवजी ५० चाचण्या.

अचूकतेचं गणित मात्र नीट पाहा. १ टक्का गोचीड बाधित असतील, तर सुमारे १० टक्के गट पॉझिटिव्ह येतात. दर पॉझिटिव्ह गटात एकच बाधित धरला, तरी अंदाज जवळपास बरोबर निघतो. पण १० टक्के बाधित असतील, तर सुमारे ६५ टक्के गट पॉझिटिव्ह येतात आणि त्याच हिशेबानं उत्तर ६.५ टक्के मिळतं. ही चूक मला मोठी वाटते. शिवाय गोचिडांतून पसरणारे दोन रोगजंतू, बॅबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा एकाच गोचिडात होते का, हे गटातून कळत नाही.

रक्त पिऊन फुगलेले गोचीड गटात घालूच नका. रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) पीसीआरला अडवतं आणि अख्खा गट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. एकेक तपासतानाही सापडलेला डीएनए प्राण्याच्या रक्तातला असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

नव्या भागाची पहिली चाचपणी किंवा दुर्मीळ रोगजंतूचा शोध असेल, तर गट करा, तोही एकाच जातीच्या गोचिडांचा आणि एकाच प्रकारच्या प्राण्यावरचा. बाधेचं नेमकं प्रमाण, सहसंसर्ग किंवा पाळीव-रानटी तुलना हवी असेल, तर गोचीड कमी घ्या, पण एकेक तपासा.