पोटमाळ्यासाठी बीम कोणता: सागाची तुळई, लोखंडी आय-बीम, बॉक्स पाइप की काँक्रीट?

पोटमाळा काढायचे ठरले की बीम कशाचा घ्यायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत भावावरच सोडवला जातो. वखारीतून सागाचा भाव घनफुटाने येतो, लोखंडाच्या दुकानातून किलोने येतो आणि सेंटरिंगचा ठेकेदार ठोक आकडा सांगतो. हे तीन भाव थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण एका घनफूट लाकडाने किंवा एका किलो लोखंडाने नेमके किती काम होते, हे त्यांपैकी एकाही भावातून कळत नाही. म्हणून येथे एकच काम घेऊन, म्हणजे तोच स्पॅन (दोन आधारांमधले अंतर) आणि तोच भार ठेवून, चारही पर्याय बेंडिंग (वाकणे) आणि शिअर (कातरले जाणे) या दोन प्रतिबलांच्या, म्हणजे दर क्षेत्रफळामागे आत उभ्या राहणाऱ्या बलांच्या, कसोटीवर तपासले आहेत.

काम असे धरू. दोन भिंतींमधले अंतर ४ मीटर असून बीम दोन्ही टोकांना भिंतींवर नुसते टेकलेले आहेत. दोन बीमांमधले अंतर दीड मीटर आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी चल भार (माणसे, सामान असा बदलता भार) दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन सांगितला आहे. परंतु पोटमाळ्यावर सामान साठतेच, म्हणून तो ३ धरला आणि फळ्या, फ्लोअरिंग व बीमचे स्वतःचे वजन यांसाठी आणखी १ धरला. त्यामुळे एका बीमवर दर मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे एकूण २४ किलोन्यूटन (सुमारे २,४०० किलो) भार येतो. मध्यभागी बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारे आघूर्ण) १२ किलोन्यूटन-मीटर आणि टोकाशी शिअर बल १२ किलोन्यूटन येते. पुढे दिलेली सर्व प्रतिबले न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककात आहेत.

ही दोन प्रतिबले बीमच्या निरनिराळ्या जागी जोर धरतात, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. अशा बीममध्ये बेंडिंग प्रतिबल स्पॅनच्या मध्यभागी आणि तेही वरच्या व खालच्या कडांवर सर्वाधिक असते. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि दोहोंमधल्या उदासीन अक्षावर हे प्रतिबल शून्य असते. शिअरचे याच्या उलट आहे: ते भिंतीजवळ सर्वाधिक, स्पॅनच्या मध्यभागी शून्य आणि छेदाच्या उंचीत पाहिले तर नेमके उदासीन अक्षापाशी सर्वाधिक असते. शिवाय उभे शिअर प्रतिबल जिथे असते तिथे तेवढेच आडवेही असते. बीमचे आडवे थर एकमेकांवरून सरकू पाहतात ते याच आडव्या प्रतिबलामुळे, आणि लाकडाच्या बाबतीत सगळा प्रश्न येथेच येऊन थांबतो.

सागाची १०० मिमी रुंद आणि ३०० मिमी उंच तुळई घेतली, तर तिचा सेक्शन मॉड्युलस (छेदाची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता) १५ लाख घन मिलिमीटर भरतो आणि बेंडिंग प्रतिबल ८ येते. आयताकृती छेदातले सर्वाधिक शिअर प्रतिबल सरासरीच्या दीडपट असते. येथे ते ०.६ येते. लाकूडकामाच्या भारतीय मानकात साग ज्या मधल्या गटात साधारणतः बसतो, त्या गटासाठी आतल्या कोरड्या जागी बेंडिंगची मर्यादा १२ आहे, तर आडव्या शिअरची अवघी ०.६४. म्हणजे बेंडिंगमध्ये एक तृतीयांश क्षमता शिल्लक असताना शिअरमधली क्षमता जवळजवळ संपलेली आहे. ‘लाकडी तुळई मधेच मोडायची’ या समजुतीवर विसंबणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. समान पसरलेल्या भाराखालच्या साध्या आयताकृती बीममध्ये बेंडिंग आणि शिअर प्रतिबलांचे गुणोत्तर स्पॅन आणि उंची यांच्या गुणोत्तराइतकेच येते. ४,००० भागिले ३०० म्हणजे १३.३, आणि ८ भागिले ०.६ हेही तेवढेच. लाकडाच्या दोन मर्यादांचे गुणोत्तर १९ च्या आसपास असल्याने, ज्या तुळईचा स्पॅन तिच्या उंचीच्या १९ पटींहून कमी आहे, तिच्यात शिअरची मर्यादा आधी गाठली जाते. घरातल्या बहुतेक तुळया याच टप्प्यात येतात. १८४० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को रेल्वेमार्गावरील लाकडी पुलांचे काम करताना द. इ. झुराव्स्की या रशियन अभियंत्याने बीममधील शिअर प्रतिबलाचा जो सिद्धांत मांडला, त्यामागेही जाड लाकडी बीम तंतूंच्या दिशेने आडवे चिरतात हाच अनुभव होता.

उंची वाचवण्यासाठी हीच तुळई आडवी टाकण्याची सूचना सुतारांकडून हमखास येते. तसे केले तर सेक्शन मॉड्युलस एक तृतीयांशावर येतो, बेंडिंग प्रतिबल ८ वरून २४ वर जाते आणि मधला झोल सुमारे ९ मिमीवरून नऊपट होऊन ८० मिमीवर पोहोचतो. शिअर प्रतिबल मात्र ०.६ च राहते, कारण ते क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ बदललेले नसते.

अखंड ३०० मिमीचे लाकूड मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून १५० मिमीच्या दोन तुळया एकावर एक ठेवण्याचा पर्यायही निघतो. त्या नुसत्या ठेवल्या तर प्रत्येक तुळई स्वतंत्रपणे वाकते, बेंडिंग प्रतिबल दुप्पट होऊन १६ होते आणि झोल चौपट होतो. त्या एकजीव वागाव्यात असे वाटत असेल तर सांध्यावरचे सरकणे पूर्णपणे रोखावे लागते. टोकाजवळ हे सरकवणारे बल लांबीच्या दर मिलिमीटरला ६० न्यूटन असते, म्हणजे १०० मिमीवर एक बोल्ट घातला तर एकेका बोल्टला ६ किलोन्यूटन बल पेलावे लागेल. टोकापासून मध्यापर्यंतच्या दोन मीटरांत त्याची बेरीज ६० किलोन्यूटन होते. वरचा एकूण भारच २४ किलोन्यूटन असताना सांध्यात त्याच्या अडीचपट बल उभे राहते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. चार खिळे ठोकून हे काम भागत नाही. बोल्टही टोकांकडे दाट आणि मध्याकडे विरळ हवेत. प्रत्यक्षात ते समान अंतरावर घातलेले, किंवा बेंडिंग मध्यभागी मोठे म्हणून तिथेच दाट केलेले आढळतात.

तुळईचे टोक भिंतीतल्या खाचेत बसवण्यासाठी खालून १०० मिमी कापले, तर जिथे शिअर सर्वाधिक आहे तिथेच उंची २०० मिमी उरते. साध्या हिशेबानेही शिअर प्रतिबल ०.९ होते आणि खाचेच्या कोपऱ्यात ते त्याहून अधिक केंद्रित होते. त्यामुळे लाकूड निवडले तर टोकाशी खाच घ्यायची नाही, ही अट सुताराला आधीच सांगावी लागते. वाळवी आणि भिंतीतली ओल यांचा विचार वेगळा करावा लागतोच.

आता लोखंड. आयएसएमबी १५० या १५० मिमी उंचीच्या प्रमाणित आय-बीमचे वजन मीटरला १५ किलो आणि सेक्शन मॉड्युलस सुमारे ९६ घन सेंटिमीटर आहे. आपल्या कामात त्यात बेंडिंग प्रतिबल १२५ येते. साध्या पोलादासाठी जुन्या पद्धतीच्या हिशेबातली मर्यादा १६५ आहे. वेबमधले, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीतले, सरासरी शिअर प्रतिबल १६ आणि सर्वाधिक सुमारे १८ येते, तर सरासरीची मर्यादा १०० आहे. लाकडाचे चित्र येथे पूर्ण उलटते, कारण पोलादाच्या दोन मर्यादांचे गुणोत्तर जेमतेम १.६५ आहे. पोलाद शिअरमध्ये बेंडिंगच्या मानाने दुबळे नसते, म्हणूनच वेब ५ मिमीइतका पातळ ठेवून उरलेले पोलाद फ्लॅन्जमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, घालता येते.

या आकाराची कामाची वाटणी आकड्यांतून स्पष्ट दिसते. बेंडिंगला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे ८५ टक्के वाटा फ्लॅन्ज उचलतात आणि शिअर जवळजवळ सगळे वेबवर असते. वेब फ्लॅन्जला जिथे मिळतो तिथे वेबमधले शिअर प्रतिबल १४ च्या आसपास असते. सांधा ओलांडून फ्लॅन्जमध्ये शिरताच रुंदी ५ वरून ७५ मिमी होते आणि ते १ च्याही खाली जाते. याचा व्यवहारात उपयोग असा, की वायरिंगचा पाइप नेण्यासाठी भोक पाडायचेच असेल तर ते स्पॅनच्या मध्यभागी, वेबच्या मध्यावर पाडल्यास या पसरलेल्या भाराखाली फारसे बिघडत नाही, कारण तिथे शिअर नगण्य असते आणि उदासीन अक्ष असल्याने बेंडिंगही नसते. तेच भोक मध्यभागी खालच्या फ्लॅन्जमध्ये पाडणे मात्र घातक आहे.

आयएसएमबी १५० चा झोल एकूण भाराखाली सुमारे १४ मिमी येतो. मानकातली स्पॅनच्या तीनशेव्या भागाची, म्हणजे १३.३ मिमीची, मर्यादा फक्त चल भारासाठी असल्याने नियमाने हा बीम चालतो. तरीही चालताना जाणवणारा पोटमाळा बहुधा असाच नियमात बसवलेला असतो, आणि माझे मत आयएसएमबी १७५ च्या बाजूने आहे. त्याचे वजन मीटरला सुमारे साडेएकोणीस किलो असते. बेंडिंग प्रतिबल ८३ वर आणि झोल ८ मिमीच्या खाली येतो. एका बीममागे सुमारे १८ किलो लोखंड जास्त लागते, आणि ते पैसे वाया जात नाहीत. योगायोगाने या बीमचे एकूण वजन, ७८ किलो, वरच्या सागाच्या तुळईइतकेच भरते. उंची मात्र १२५ मिमीने वाचते, जी पोटमाळ्यात फार मोलाची असते.

एक अट राहते. वरचा फ्लॅन्ज दाबाखाली असतो आणि त्याला बाजूने आधार नसेल तर तो आडवा कलंडू पाहतो. चार मीटर मोकळ्या बीमसाठी १६५ ची मर्यादा त्यामुळे बरीच खाली येते. फळ्या किंवा डेक शीट फ्लॅन्जला पक्क्या बसवल्या तर हा प्रश्न उरत नाही, नुसत्या टेकवल्या तर उरतो.

बॉक्स पाइपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १५० × ७५ मिमीचा ५ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे १७ किलो भरतो, म्हणजे आयएसएमबी १५० पेक्षा जड, आणि तरी बेंडिंग प्रतिबल १४४ व झोल १६ मिमी येतो. दोन उभ्या बाजू असल्याने शिअर निम्म्यावर, ८ वर येते. पण शिअरची अडचण पोलादात मुळात नव्हतीच. पीळ पडण्याला आणि कलंडण्याला तो चांगला विरोध करतो, म्हणून जिन्याच्या कडेचा किंवा एकाच बाजूने भार घेणारा बीम असेल तर तो घ्यावा. दिसायला सुबक म्हणून सगळीकडे वापरायचा असेल, तर त्या सुबकपणाची किंमत लोखंडाच्या वजनात मोजावी लागते. कोकणातल्या दमट हवेत पाइपची टोके उघडी ठेवली तर आतून चढणारा गंज दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

काँक्रीटचा २३० × ३०० मिमीचा बीम स्वतःच मीटरला १.७ किलोन्यूटन वजनाचा असतो; चार मीटरला जवळजवळ ६९० किलो. म्हणजे पोटमाळ्याचा भार येण्याआधीच त्याच्यावरचे काम पाव हिश्श्याहून अधिक वाढलेले असते. काँक्रीट दाब पेलते, ताण फारसा पेलत नाही, म्हणून बेंडिंगचा ताण खालच्या गजांवर सोपवला जातो. शिअरचा परिणाम येथे तिरप्या ताणाच्या रूपाने दिसतो: भिंतीजवळ सुमारे ४५ अंशांत तिरकी जाणारी चीर शिअरची आणि मध्यभागी खालून उभी वर चढणारी चीर बेंडिंगची, असे ढोबळमानाने ओळखता येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे भार दीडपट करून पाहिले तर या बीममध्ये नाममात्र शिअर प्रतिबल सुमारे ०.३९ येते. एम २० प्रतीचे काँक्रीट आणि खाली १२ मिमीचे तीन गज असतील तर काँक्रीट स्वतःच सुमारे ०.५० पेलते. तरीही गजांभोवती किमान रिंगा घालाव्याच लागतात आणि त्यांच्यातले अंतर १९५ मिमीहून अधिक चालत नाही, कारण शिअरने होणारी मोडतोड फारशी सूचना न देता येते. नव्या बांधकामात, स्लॅबबरोबर ओतला जाणार असेल, तर हा बीम उत्तम आहे. उभ्या घरात केवळ पोटमाळ्यासाठी तो ओतण्याचा आग्रह मला पटत नाही.

निर्णय बदलू शकणारी एक गोष्ट म्हणजे जड वस्तूची जागा. हजार लिटरची पाण्याची टाकी ‘भिंतीजवळ ठेवली की चिंता नाही’ असे म्हटले जाते. ती एकाच बीमवर, भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आली, तर बेंडिंग मोमेंट १२ वरून १४ च्या आसपास जातो, पण शिअर बल १२ वरून २१ वर जाते. सागाच्या तुळईत बेंडिंग प्रतिबल ९.४ होऊन मर्यादेत राहते आणि शिअर १.०५ होऊन मर्यादा साफ ओलांडते. आयएसएमबी १७५ च्या वेबमध्ये तेच शिअर जेमतेम २२ पर्यंत पोहोचते. म्हणून टाकी, तिजोरी किंवा पुस्तकांची भरलेली कपाटे भिंतीलगत येणार असतील तर लोखंड घ्यावे. नुसती झोपण्या-बसण्याची जागा असेल, घरात जुने वाळलेले सागाचे लाकूड आधीच असेल आणि उंचीची टंचाई नसेल, तर तुळई उभी ठेवून, टोकाला खाच न घेता वापरावी. कोणताही बीम घेतला तरी टोकाखाली, विटांच्या भिंतीवर, काँक्रीटचा बेड-ब्लॉक (भार पसरवणारा ठोकळा) हवाच. आयएसएमबी १५० चा ७५ मिमी रुंद फ्लॅन्ज भिंतीवर १०० मिमी टेकवला तर विटांवर १.६ इतका दाब येतो, आणि साध्या वीटकामासाठी तो फार होतो.