अठ्ठेचाळीस शेड्सच्या जलरंग पेटीत आमची झालेली फसवणूक

नव्याने शिकणाऱ्या कुणासाठी ऑनलाइन स्वस्त जलरंग शोधत असाल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते वाचून मगच पैसे भरा.

मुलीसाठी मागवलेल्या पेटीच्या जाहिरातीत तीन दावे ठळक होते: ४८ शेड्स, आर्टिस्ट क्वालिटी, आणि उन्हात रंग उडणार नाही. सोबत फुलांची इतकी पारदर्शक, नितळ चित्रं की बघत राहावं. पेटीही देखणी आली. पत्र्याचा डबा, ओळीने मांडलेल्या वड्या, प्रत्येकीला नाव: कोबाल्ट ब्लू, कॅडमियम यलो, रोझ मॅडर. फक्त नाव, दुसरं काहीच नाही.

ओला असेपर्यंत रंग बरा दिसायचा. वाळला की त्यावर खडूची पांढुरकी झाक यायची. वरून दुसरा हात फिरवला की खालचा थर उठायचा आणि सगळा चिखल व्हायचा. मुलगी व्हिडिओ बघून तेच तेच पुन्हा करत राहिली. शेवटी म्हणाली, "आई, माझा हातच चांगला नाही." पैशांपेक्षा मला राग आला तो याचा. मुरलेला चित्रकार असा रंग ब्रशला लागताक्षणी ओळखतो आणि बाजूला ठेवतो. शिकणारा मात्र स्वतःलाच नावं ठेवतो, आणि असा माल विकला जातो तो नेमका शिकणाऱ्यांनाच.

चित्रं काढणाऱ्या एका मैत्रिणीला पेटी दाखवली. तिने आधी डबा उलटा केला आणि विचारलं, "पिगमेंट नंबर कुठे आहेत?" पिगमेंट नंबर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रंगाचं नाव काहीही ठेवता येतं, पण आत कोणतं रंगद्रव्य (पिगमेंट) आहे ते कलर इंडेक्सच्या, म्हणजे रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या, नंबरावरून समजतं. खरा कोबाल्ट ब्लू म्हणजे पीबी (पिगमेंट ब्लू) २८, आणि तो महाग असतो. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, तो स्वस्तात मिळतो आणि उत्तम असतो. महागड्या द्रव्याऐवजी दुसरं वापरलं, तर चांगल्या कंपन्या नावापुढे 'ह्यू' असं लिहितात. त्यात लपवाछपवी नाही. आमच्या पेटीत ना नंबर, ना ह्यू. मैत्रिणीने सगळ्या शेड्सचे पट्टे कागदावर काढले, तेव्हा बऱ्याचशा शेड्स म्हणजे तेच मोजके रंग कमीअधिक पांढरा मिसळून केलेले असावेत असं स्पष्ट दिसत होतं.

त्याच पट्ट्यांचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून कागद खिडकीच्या काचेला चिकटवला. काही आठवड्यांनी पुठ्ठा काढला, तर गुलाबी आणि जांभळ्या रंगांचा उघडा भाग जवळजवळ पुसला गेला होता. काही नाजूक रंग नामांकित कंपन्यांचेही उडतात. अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल, म्हणजे पीआर (पिगमेंट रेड) ८३, त्यासाठी प्रसिद्धच आहे. निऑनसारखे भडक (फ्लुओरेसंट) गुलाबीही टिकत नाहीत. पण त्या कंपन्या तसं वेष्टनावर किंवा रंगतक्त्यात सांगतात. इथे तर छातीठोक उलटं लिहिलं होतं.

विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर आलं, पेटी वापरलेली आहे, परत घेता येणार नाही. पट्ट्यांचे फोटो पाठवल्यावर भाषा बदलली: थोडे पैसे परत करतो, पण आधी तुमचा एक स्टारचा अभिप्राय काढा. मी नकार दिला. मग जाहिरातीतली चित्रं फोटो टाकून शोधली, तर ती दुसऱ्याच एका चित्रकाराची निघाली, आणि त्याने ती वेगळ्याच कंपनीच्या ट्यूब वापरून केली होती. पुढे काही दिवसांतच तीच पेटी, तेच फोटो, नवीन नावाखाली विक्रीला आले. जुने अभिप्राय अर्थातच मागे राहिले.

आता मुलीकडे बारा रंगांचा स्टुडंट ग्रेडचा संच आहे. स्टुडंट ग्रेडला कुणी हलकं समजू नये. रंगद्रव्याचं प्रमाण कमी असतं आणि महागड्या द्रव्यांच्या जागी बरेचदा 'ह्यू' असतात एवढंच, बाकी शिकायला त्यात सगळं आहे. विन्सर अँड न्यूटनचे कॉटमन आणि रॉयल टॅलेन्सचे व्हॅन गॉख ही त्यातली ओळखीची नावं. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे आणि एक बर्न्ट सिएना असला तरी खूप होतं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून येणारा करडा रंग कोणत्याही तयार करड्यापेक्षा जिवंत दिसतो. शेड्सचा आकडा बघू नका. एका वडीला किती पैसे पडतात आणि वडी केवढी आहे ते बघा. नावाजलेल्या ब्रँडच्या नकलाही विकल्या जातात, त्यामुळे किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत तो विक्रेता आहे का ते पाहा.

पेटी हातात आली की उघडतानाचा व्हिडिओ करा आणि सगळ्या वड्या लगेच भिजवू नका. आधी दोनतीन रंगांचेच पट्टे जाड जलरंग कागदावर काढा. पूर्ण वाळू द्या, मग त्यावरून दुसऱ्या रंगाचा पातळ हात एकदाच फिरवा. खालचा रंग चिखलासारखा सुटला किंवा वाळल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागली, तर परतीची मुदत असेतोवर तक्रार नोंदवा, आणि पैसे पूर्ण जमा होईपर्यंत अभिप्राय काढू नका.