बोट ओढणाऱ्या गाडीला जादा ट्रान्समिशन कूलर : सात महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये ट्रान्समिशन कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल गार करणारा छोटा रेडिएटर बसवला, आता ऑक्टोबर संपत आलाय. या काळात कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून डोंगरातल्या लेक टाहोला सहा फेऱ्या झाल्या, शिवाय घराजवळच्या फॉल्सम लेकवर जवळजवळ दर पंधरवड्याला. गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही, पाच गिअरची ऑटोमॅटिक, ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड. बोट १८ फुटी. कागदावर ती २,३०० पौंडांची आहे, पण ट्रेलर, मोटर, भरलेली टाकी, नांगर आणि बर्फाच्या पेट्या धरून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर ३,६४० भरली. बोटवाल्यांनो, हे वजन एकदा तरी कराच. नुसतं पेट्रोलच गॅलनला सहा पौंडांच्या आसपास असतं.

मागच्या उन्हाळ्यात टाहोहून परतल्यावर गाडीखाली करपट वास आला आणि मी धसकलो. टाहोकडे जाताना ऑबर्न सोडलं की इंटरस्टेट ८० हा महामार्ग चढायला लागतो तो डॉनर समिट या घाटमाथ्यापर्यंत, म्हणजे ७,२३९ फुटांपर्यंत. बाहेर ९७ अंश फॅरनहाइट, एसी चालू, कोलफॅक्सच्या पुढे गिअर सारखे वरखाली होत होते. एवढं होऊनही डॅशबोर्डवरचा काटा मध्यावरून हलला नव्हता. तो काटा इंजिनाच्या पाण्याचा. गिअरबॉक्सच्या तेलाचं काय चाललंय हे तो सांगत नाही.

म्हणून कूलरच्या आधी मी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र घेतलं आणि फोनवर तेलाचं तापमान बघायला लागलो. पहिल्याच फेरीत कोलफॅक्सला २१८ अंश फॅरनहाइट, एमिग्रंट गॅपच्या अलीकडे २३६. जुन्या मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा असा की १७५ च्या वर दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, आणि २४० च्या आसपास आत वार्निशसारखा थर धरायला लागतो. म्हणजे मी काठावर होतो.

ही उष्णता येते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातून. त्यात एक पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. कन्व्हर्टर लॉक असला की दोन्ही एकत्र फिरतात. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद कमी पडली की कॉम्प्युटर लॉक सोडतो, आणि मग तेल नुसतं घुसळलं जातं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढताना पाचवा गिअर वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय; मी ते वाचलंच नव्हतं. चौथ्यावर मर्यादा घालून, गरज पडली की स्वतःच तिसरा टाकून त्याच चढावर गेलो तेव्हा तापमान २२० ला थांबलं. एक पैसा न खर्चता १६ अंश कमी. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर आवाज करतं, करू द्या. कॅलिफोर्नियात ट्रेलर असताना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहेच, घाई करण्यात अर्थ नाही.

आता कूलर. थरांच्या पट्ट्यांचा घेतला, जुन्या पद्धतीच्या नळीवाल्यापेक्षा तो तेवढ्याच जागेत जास्त उष्णता काढतो. रेडिएटरमधून तेल गिअरबॉक्सकडे परत येतं त्या नळीवर जोडला, त्यामुळे तेल आधी रेडिएटरमधून जातं आणि हिवाळ्यात फार गार पडत नाही. किटसोबत रेडिएटरच्या जाळीतून ओवायचे प्लास्टिकचे बंद येतात, ते अजिबात वापरू नका. हादऱ्यांनी जाळी घासून भोक पडू शकतं. मी लोखंडी पट्ट्या करून घेतल्या. जोडणीनंतर तेल वाढवावं लागतं, कारण कूलर आणि नळ्यांतही ते भरतं. आमच्या गाडीला तेलाची डिपस्टिक नाही. ठरावीक तापमानाला खालचा बूच उघडून पातळी बघावी लागते, त्यामुळे हे काम गॅरेजमध्येच केलं. पहिल्या आठवड्यात एका क्लॅम्पपाशी तेल पाझरत होतं. तो परत आवळला, त्यानंतर थेंब नाही.

जुलैत, तशाच उन्हात, चौथ्या गिअरवर, सर्वांत वरचा आकडा २०३. फॉल्समच्या सपाटीवर १८० च्या आत. मी समाधानी आहे. पण कोणी विचारलं की पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, तर मी आधी तापमान दाखवणारं यंत्र घ्यायला सांगेन. आकडा दिसायला लागल्यावर माझं गाडी चालवणंच बदललं.

रॅम्पवरची एक सवयही याच काळात लागली. बोट पाण्यात उतरवताना उतारावर थेट पार्कमध्ये टाकलं तर गाडी आणि बोटीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं. मी पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल करतो, हँडब्रेक ओढतो, ब्रेक हळूच सोडून वजन हँडब्रेकवर बसू देतो आणि मगच पार्क. चाकाला ठोकळाही लावतो. वर ओढताना फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सर्वांत खालचा गिअर), म्हणजे शेवाळावर चाकं फिरत नाहीत आणि कन्व्हर्टरवर ताण कमी येतो. माझं बालपण मालवणात गेलं. वाळूवरून होडी ओढताना एक जण हमखास ओंडका घेऊन मागे असायचा, तेच इथे करतोय.

गेल्या शनिवारी तेल बदललं. पुस्तिकेतल्या नेहमीच्या मुदतीवर मी विसंबत नाही, ओढणाऱ्या गाडीला दर ३०,००० मैलांनी बदलायचं ठरवलंय. एका वेळी थोडंच तेल निघतं, म्हणून वसंतात पुन्हा एकदा काढणार. निघालेलं तेल गडद लाल होतं, करपट वास नव्हता, आणि पॅनमधल्या चुंबकांवर फक्त बारीक करडा लेप होता. धातूचा कण एकही नाही.