डॉइचलांड तिकीट: घेतलं ऑफिससाठी, वसूल झालं रविवारी

जर्मनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात पत्त्याची नोंदणी करायला गेले, तिथल्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता, मी मोठ्या उत्साहाने 'इव्हँजेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, असं लिहिलं आणि पहिली पगाराची स्लिप हातात आल्यावर कळलं की त्या एका शब्दाचा टॅक्स लागतो. चर्च टॅक्स. पगाराच्या नाही, इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये आणि बायर्नमध्ये ८, बाकी राज्यांत ९. नवरा म्हणाला, तुला कोणी विचारलं होतं एवढं खरं बोलायला? मी म्हटलं, भरतोच आहोत पैसे तर निदान चर्चं तरी बघून घेऊ सगळी. तिथून हा तिकिटाचा नाद लागला.

तर रिव्ह्यू डॉइचलांड तिकिटाचा, म्हणजे देशभर चालणाऱ्या महिन्याच्या प्रवास पासचा. १ मे २०२३ ला सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं, मी तेव्हापासून घेतेय, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. ऑफिस जॉबतिकीट, म्हणजे हाच पास कंपनीमार्फत, देत असेल तर बरंच स्वस्त पडतं, एचआरला विचारायला लाजू नका. एवढ्यात देशभरातली बस, ट्राम, मेट्रो, एस-बान नावाच्या लोकल आणि रीजनल गाड्या, म्हणजे आरबी आणि आरई, सेकंड क्लासने कितीही फिरा. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही, आणि हे नीट लक्षात ठेवा कारण एकाच प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटांच्या अंतराने दोन्ही येतात आणि घाईत माणूस चुकीच्या डब्यात शिरतो. तिकीट तुमच्या नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, टीसी आयडी मागतो. मोबाईलवर असेल तर बॅटरी सांभाळा. मी पॉवरबँकशिवाय घराबाहेर पडत नाही.

ऑफिसला जायला-यायला मला याची गरज खरंतर तीनच दिवस, बाकी वर्क फ्रॉम होम. खरी किंमत रविवारी वसूल होते. इथला रविवार ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, सगळी दुकानं बंद, ड्रिल मशीन चालवायची नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या डब्यात बाटल्याही टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. मी मानहाइममध्ये राहते, दहाची उपासना सव्वाअकराला संपते, नंतर हॉलमध्ये कॉफी आणि मग अख्खा दिवस समोर पसरलेला. उपासनेला तीस-पस्तीस माणसं, त्यात साठीच्या खालचे आम्ही दोघं आणि ऑर्गन वाजवणारा मुलगा. पहिले सहा महिने मला अर्धं प्रवचन कळायचं नाही, पण भिंतीवर फळी असते, तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे नंबर लावलेले असतात, तेवढे बघून पुस्तक उघडायचं. शेजारच्या आजी माझं पान बरोबर आहे का ते दर गीताला वाकून तपासायच्या, अजूनही तपासतात.

मागच्या वर्षी आई तीन महिने आली होती. व्हिजिटर व्हिसावर असली तरी तिचंही तिकीट काढता आलं, फक्त नाव पासपोर्टप्रमाणे टाकायचं आणि पैसे माझ्या खात्यातून. तिला महाल, म्युझियम असल्या गोष्टींत काडीचा रस नव्हता, तिची एकच फर्माईश, ल्युथरचं, म्हणजे आपल्या प्रोटेस्टंट पंथाच्या मूळपुरुषाचं, काय आहे ते दाखव. मी म्हटलं अगं ते तर आपल्या उशाशीच आहे, वोर्म्स इथून अर्ध्या तासाच्या आत. १५२१ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्युथरला उभं केलं आणि लिहिलेलं मागे घे म्हणून सांगितलं, त्याने घेतलं नाही, ते हेच गाव. १८६८ चं मोठं स्मारक आहे, मधोमध ल्युथर आणि भोवती बाकीचे, फोटोला छान, पण आईला आवडली ती बाग. जिथे तो सम्राटासमोर उभा होता त्या जागी आता बाग आहे आणि जमिनीवर ब्राँझचे दोन प्रचंड बूट ठेवलेत, कोणीही त्यात पाय घालून उभं राहू शकतं. आईने लोकरीचे मोजे आणि सँडल घातलेले पाय तसेच आत सरकवले आणि साडीच्या निऱ्या सावरत म्हणाली, "एवढे मोठे बूट, पण उभं राहायला जागा किती कमी गं!" मग उतरायलाच तयार नाही, मागे एक शाळकरी ग्रुप ताटकळत उभा.

पुढच्या रविवारी श्पायर. एस-बानने तेही अर्ध्या तासाच्या आसपासच, गर्दी नाही, गाडी थेट. तिथलं कॅथेड्रल लाल-पिवळसर दगडाचं, आत गेल्यावर मान आपोआप वर जाते, तळघरात आठ सम्राट आणि राजे पुरलेत. बाहेर एक दगडी कटोरा आहे, नवा बिशप आला की तो वाइनने भरतात, दीड हजार लिटरच्या वर मावते म्हणे, आईने कपाळाला हात लावला. पण श्पायरला जायचं खरं कारण दुसरं, १५२९ मध्ये इथेच ल्युथरच्या बाजूच्या राजांनी आणि शहरांनी निषेध नोंदवला आणि त्यावरून प्रोटेस्टंट हा शब्द आला. त्याच्या आठवणीत बांधलेलं एक चर्च गावात वेगळं आहे, कॅथेड्रल बघून लोक परत फिरतात आणि हे चुकवतात, तुम्ही चुकवू नका. आई म्हणाली, "म्हणजे आपलं नाव इथलं?" आणि त्या दिवशी घरी फोनवर सगळ्यांना हेच सांगत होती.

आता तक्रारी. कोलोनला आम्ही मुद्दाम रीजनलने गेलो, आयसीईने दीड तासाच्या आसपासचा प्रवास आम्ही चार तासांत केला, माइन्झला गाडी बदलून ऱ्हाईनच्या काठाकाठाने. खिडकीतून किल्ले, द्राक्षाचे मळे, मालवाहू बोटी, खरंच सांगते हा पट्टा फुकटच मिळाल्यासारखा आहे. कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या अंगावरच येतं, १२४८ ला सुरू केलेलं काम १८८० ला पूर्ण झालं, मधली काही शतकं बंदच होतं. मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या नवरा एकटा चढला, आई आणि मी खाली येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांच्या सोन्याच्या पेटीपाशी बसलो. जाताना सगळं सुरळीत. परतताना एका छोट्या स्टेशनवर आमची गाडीच रद्द झाली, पुढची तासाभराने, तीही लेट, वेटिंग रूमला कुलूप, वारा असा की आईने माझी ओढणी डोक्याला गुंडाळली. 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द, हे दोन शब्द मला जर्मन क्लासच्या आधी स्टेशनने शिकवले. भरपाई मागता येते, पण या तिकिटावर तासाभराच्या उशिराला दीड युरो, आणि चार युरो जमेपर्यंत देत नाहीत. म्हणजे आधी तीनदा गारठा, मग पैसे मागा.

म्हणून माझा नियम, बरोबर वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर दोन तासांच्या पलीकडे रीजनलने जायचं नाही, आणि परतीची शेवटची गाडी कधीही पकडायची नाही, शेवटून तिसरी पकडा. ल्युथरच्या गावाला, विटेनबर्गला, रीजनलने जायचं मनातही आणू नका, आमच्याकडून अख्खा दिवस गाडीतच जाईल, तिथे आयसीईचं तिकीट आधी काढलेलं बरं. उल्मच्या चर्चच्या उंच मनोऱ्याच्या पायऱ्यांसाठी मात्र सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात जमतं, गुडघे तुमचे.

सगळ्यात मोठा फटका माझ्याच आळसाचा. हे सबस्क्रिप्शन आहे, १० तारखेपर्यंत बंद केलं तरच त्या महिनाअखेरीस संपतं. आई २८ तारखेला परत गेली, मी १२ तारखेला कॅन्सल करायला बसले, पुढचा महिना बोकांडी बसला. ज्या ॲपवरून घेतलं होतं त्यांना दोन ईमेल केले, दोन्हीला तेच साचेबंद उत्तर. आई विमानात बसून गेली तरी तिचं तिकीट महिनाभर मानहाइममध्ये फिरत होतं.

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार त्या वाऱ्यातल्या प्लॅटफॉर्मसाठी कापला. आई मे मध्ये परत येतेय, या वेळी तिला परत वोर्म्सला जायचंय, बुटात उभं राहून नीट फोटो काढायचा राहिला म्हणते. आणि मी तिचं तिकीट बंद करायचा अलार्म आत्ताच लावून ठेवलाय, १० नाही, ८ तारखेचा.