पलंगाचा कठडा आणि बिछान्याची घंटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या यजमानांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचे निदान २०१९ मध्ये झाले. झोप मात्र त्याच्या पाच-सहा वर्षे आधीच बिघडली होती. पहिल्यांदा पहाटे पलंग हादरला तेव्हा मी यांना न उठवताच दारापर्यंत धावले होते, कारण लातूरकडच्या माणसाला झोपेत खाट हलली की ३० सप्टेंबर १९९३ ची तीन छप्पनची वेळच आठवते. दारात थांबून मागे पाहते, तो भिंतीवरचे कॅलेंडर जागच्या जागी, आणि हे डोळे मिटून उजवा हात डोक्याभोवती गरगरा फिरवत ‘हाऽ हुर्रऽ’ असे ओरडत होते. औसा तालुक्यातल्या शेतात लहानपणी मचाणावर उभे राहून ज्वारीवरची पाखरे गोफणीने हाकलण्याचे काम यांच्याकडे असे. साठीच्या उंबरठ्यावर तेच काम हे झोपेत करू लागले.

गोफण फिरवण्यापर्यंत कौतुक होते. पुढे स्वप्नात रानडुकरे आली, लाथा सुरू झाल्या, आणि एका रात्री माझ्या भुवईवर असा ठोसा बसला की सकाळी शाळेत जाताना मी ‘कपाटाचे दार लागले’ असे सांगितले. नणंदबाईंनी ‘वहिनी, बाहेरचं बघून घ्या’ म्हणून दोनदा सुचवले. सोलापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र मोबाइलवर काढलेले दोन मिनिटांचे चित्रण पाहूनच आपला अंदाज सांगितला, आणि तो पक्का करण्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली; घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडकत असेल तर त्यामुळेही असाच धिंगाणा होऊ शकतो, म्हणून तेही तपासणे आवश्यक असते.

त्यांनी समजावले ते असे. आपण स्वप्न पाहतो त्या झोपेत डोळे हलतात आणि श्वास चालतो, पण बाकीचे स्नायू मेंदूच्या देठातून येणाऱ्या आज्ञेने सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात पडून राहतो. या विकारात, ज्याला इंग्रजीत ‘रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर’ म्हणतात, ती आज्ञा पोहोचत नाही. अमेरिकेत मिनेसोटातील शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये त्याचे वेगळा विकार म्हणून वर्णन केले, आणि पुढे असे दिसून आले की तो कंपवाताच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकतो. कंपवातात झोप बिघडते हे तर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधातच लिहून ठेवले आहे. हे ऐकून मला राग आला नाही, हायसे वाटले. माझ्या भुवईवरचा ठोसा माझ्यासाठी नव्हता.

गेल्या वर्षी हे दोनदा पलंगावरून खाली पडले. भाद्रपदात, तुळजापूरची आई मंचकी निद्रेत असताना, आम्ही दोन वस्तू मागवल्या: गादीखाली सरकवून बसवायचा पाच फुटी लोखंडी कठडा आणि बिछान्यावर अंथरायची दाबाची पट्टी, जिच्यावरून माणसाचे वजन उठले की दुसऱ्या खोलीत घंटी वाजते. या दोन्ही वस्तूंविषयी विक्रेते जे सांगत नाहीत ते लिहावे, यासाठी हा प्रपंच.

आधी कठड्याविषयी. तो फोमच्या जाड, चौकोनी गादीसाठी केलेला असतो. आमची गादी कापसाची, पिंजून घेतलेली. पहिल्या दिवशी कठडा गादीला घट्ट चिकटून होता. दोन महिन्यांत कापूस दबला, गादीची कड उतरती झाली, खालचा पट्टा सैल पडला आणि कठडा व गादी यांच्यामध्ये माझा पंजा सहज जाईल एवढी फट तयार झाली. मार्गशीर्षातल्या एका पहाटे यांचे कोपर त्या फटीत अडकले. स्वप्नातला माणूस हात सोडवण्यासाठी जोर लावतो, आणि जोर लावला की हात आणखी आत जातो. मी दिवा लावून गादी खाली दाबेपर्यंत कातडी सोलून निघाली होती. हाताऐवजी मान असती तर काय झाले असते, या विचाराने मी उरलेली पहाट बसून काढली. नंतर समजले की गोंधळलेल्या किंवा झोपेत धडपडणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत कठड्यात अडकून जीव जाण्याचा धोका खरोखरच असतो. ही सूचना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत होती.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. पूर्ण लांबीचा कठडा पाहून लघवीला उठणारा माणूस थांबत नाही, तो त्यावरून पाय टाकतो. कंपवातात रात्री वारंवार लघवीला उठावे लागते. आमच्याकडे तीनदा तरी. म्हणजे जी उंची पलंगाची होती त्यात आम्ही पैसे मोजून दीड फुटाची भर घातली होती. पौषात आम्ही तो काढला आणि खांद्याजवळ बसणारा, जेमतेम दीड फूट रुंदीचा छोटा कठडा लोहाराकडून पलंगाच्या लाकडी चौकटीलाच बोल्ट मारून बसवून घेतला. पलंगाचे पाय कापून उंची कमी केली आणि खाली जुन्या वाकळींची दुहेरी घडी अंथरली.

हा छोटा कठडा मात्र सोन्यासारखा आहे, आणि त्याचे कारण पडण्याशी संबंधित नाही. रात्रभर लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवातावरच्या औषधाचा, अंमल उतरत जातो आणि पहाटेच्या सुमारास यांना कूससुद्धा बदलता येत नाही. पूर्वी मला उठून खांदा आणि कंबर धरून वळवावे लागे. आता हे कठडा धरून स्वतःला ओढून घेतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितल्यावरून कंबरेखाली सॅटिनच्या कापडाचा हातभर रुंद पट्टा शिवून टाकला, त्यामुळे अंग सरकते. पूर्ण चादर सॅटिनची करण्याची चूक मी केली होती. हे त्यावरून सायीसारखे घसरत पायथ्याशी गेले. टाचांना पकड मिळाली पाहिजे, म्हणून पायाकडे सुती चादरच हवी.

आता घंटीविषयी. पहिल्या आठवड्यात ती रात्रीतून सात-आठ वेळा वाजली आणि प्रत्येक वेळी हे अंथरुणातच होते. पट्टी खांद्याखाली ठेवल्यामुळे हात फिरला, कूस वळली की तिला वाटे माणूस उठला. ती कंबरेखाली घेतली, घंटी वाजण्यापूर्वीचा अवधी दोन सेकंदांवर नेला, तेव्हा खोट्या घंट्या जवळजवळ थांबल्या. मग मी कॅलेंडरवर वेळा लिहू लागले. मध्यरात्रीच्या आधीची घंटी बहुधा लघवीची असे, तीन ते पाचमधली गोफणीची. स्वप्नांची झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते, हे डॉक्टरांनी सांगितलेले मला माझ्याच अक्षरात दिसले. तेव्हापासून मी दहाला झोपते आणि तीनपर्यंत निश्चिंत असते.

घंटीतला मोठा दोष असा, की वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप बंदच राहते, कळ पुन्हा दाबावी लागते. लातूरच्या उन्हाळ्यात ही किती मोठी गोष्ट आहे हे मी वेगळे सांगायला नको. चैत्रात वळवाच्या पावसाच्या रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि मी पंखा सुरू झाल्याच्या समाधानात झोपले. चारच्या सुमारास कशाने तरी जाग आली. हे वाकळीवर बसून, कपाटाला पाठ टेकवून, पलंगाखाली हाताने चाचपडत होते. ‘अगं, गोफण कुठं ठेवलीस?’ लागले नव्हते, कारण पलंग बुटका होता. दुसऱ्या दिवशी घंटी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली. पट्टी सातव्या महिन्यात मधोमध चिरली. वर्षभराची हमी असूनही कंपनीने ‘घामाचा ओलावा’ असे कारण देऊन बदलून दिली नाही, दुसरी विकत घ्यावी लागली. तिच्यावर आता लहान बाळाखालचे रबरी कापड घालते.

औषधांविषयी थोडक्यात, कारण ती प्रत्येकाची वेगळी असतात. क्लोनाझेपामने रात्र शांत गेली, पण सकाळी हे झोकांड्या देऊ लागले, म्हणून डॉक्टरांनी ते थांबवून मेलाटोनिन दिले. त्याने ओरडणे कमी झाले, पूर्ण गेले नाही. कठडा आणि घंटी औषधाची जागा घेणार नाहीत, आणि औषध चालू आहे म्हणून पलंगाशेजारचे टोकदार टेबल तिथेच राहू द्यावे असेही नाही. आमचे टेबल, काचेचा तांब्या आणि भिंतीवरची मुलाच्या लग्नाची तसबीर आता बैठकीत आहे.

माझी खाट शेजारच्या खोलीत गेली, ही या आठ महिन्यांतली सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी गोष्ट. पाहुण्यांनी भुवया उंचावल्या, आणि यांनाही पहिले काही दिवस वाईट वाटले. पण घंटीच्या भरवशावर मला सलग पाच तास झोप मिळू लागली, आणि दिवसा मी यांच्यावर खेकसणे कमी झाले, हे यांनीच मुलाला फोनवर सांगितले. झोपेत हात फिरत असताना जवळ जाऊन धरायचे नाही, पायथ्याशी उभे राहून नावाने हाक मारायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी यांचे नाव उखाण्याखेरीज घेतलेले नाही. म्हणून मी दारातून म्हणते, ‘अहो, पाखरं उडाली.’ बहुतेक वेळा हात खाली येतो, डोळे उघडतात, आणि हे विचारतात, ‘किती वाजले?’

घ्यायचे असेल तर घंटी घ्यावी, जोडीला एक जादा पट्टी घ्यावी आणि कळ रोज रात्री तपासावी. लांब कठडा कापसाच्या गादीवर अजिबात लावू नये. आमचा सध्या गच्चीवर दोन कुंड्यांच्या आधाराने उभा आहे. वाकळी वाळवायला त्याच्याइतकी सोयीची वस्तू आमच्या घरात दुसरी नाही.