पाळणाघरांचं स्टार रेटिंग, आम्हाला तरी खूप उपयोगी पडलं

अमेरिकेत बाळासाठी डेकेअर शोधताना पहिल्यांदा कळलं की इथे बऱ्याच राज्यांत पाळणाघरांना सरकारी स्टार मिळतात, 1998 मध्ये ओक्लाहोमाने हे आधी सुरू केलं आणि मग एकेक राज्य करत पसरलं. नुसतं लायसन्स म्हणजे कमीत कमी अटी पूर्ण, एवढंच. स्टारसाठी बऱ्याच ठिकाणी माणूस वर्गात येऊन तासन्‌तास बसतो, टीचर मुलांशी बोलते कशी, रडणाऱ्याला उचलून घेते का, हात धुणं, खेळणी, सगळं बघून 1 ते 7 मार्क देतो, आणि हे मला फार आवडलं कारण आपल्याला टूरच्या 20 मिनिटांत काय दिसणार, रंगवलेल्या भिंतीच ना.

खटकलं ते एवढंच की काही राज्यांत भाग घेणं ऐच्छिक आहे, त्यामुळे स्टार नाही म्हणजे वाईटच असं नाही, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आम्ही बघितलेल्या एका चांगल्या रेटिंगच्या सेंटरमध्ये टीचर सारख्या बदलत होत्या, तिथे नाही घातलं. रेटिंग बघाच पण तान्ह्यांच्या खोलीत 4 बाळांमागे एक टीचर आहे का ते स्वतः मोजा. या रेटिंगसाठी टॅक्सचा पैसा जातो तो जाऊ दे, उलट टीचरच्या पगारासाठी अजून द्या.